मुलाचा पहिला घडीचा चाकू : पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

दिवाळीच्या आधी सोसायटीतली मुलं आकाशकंदिलाच्या कामट्या तासायला माझ्याकडे बसतात आणि हिवाळ्यात त्यातलीच काही आमच्याबरोबर ट्रेकला येतात. त्यामुळे "याला आता एक चाकू घेऊन द्यावा म्हणतोय, कुठला घेऊ?" हा फोन मला दर वर्षी येतो. पाठोपाठ येणारे प्रश्नही बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

मुळात लहान मुलाच्या हातात चाकू द्यायचाच कशाला?

घरात काही ना काही धारदार असतंच आणि मूल एक दिवस ते उचलणारच आहे. तुमच्या डोळ्यांदेखत, पुढ्यात बसून उचललं तर बरं. आपल्याकडे कित्येक घरांत नऊ-दहा वर्षांची मुलगी विळीवर भाजी चिरते तेव्हा कुणाला काही वाटत नाही. विळीचं पातं उघडं, वर तोंड करून उभं असतं. पण तिथे पातं जागचं हलत नाही, हलतो तो हात, आणि आई शेजारी असते. चाकूत पातं हलतं, म्हणून पद्धत वेगळी शिकवावी लागते. भीती वाटण्याचं कारण इतकंच.

दुसरं कारण कामाचं. विटी तासणं, कामटी गुळगुळीत करणं, ट्रेकवर काकडी-टोमॅटो चिरणं, दोरी कापणं या गोष्टी स्वतःच्या हातानं केल्या की मूल लाकडाचे रेषे कुठल्या दिशेनं जातात ते बघायला लागतं. ते तोंडी सांगून कळत नाही.

कितव्या वर्षी द्यावा?

वर्ष सांगायला मी नेहमी कचरते. तरी अंदाज हवाच असेल तर शेजारी बसून वापरायला सात-आठ, आणि नजरेच्या टप्प्यात पण स्वतःच्या हिमतीवर वापरायला दहा-अकरा. अमेरिकेतल्या कब स्काउटमध्ये साधारण तिसरीतल्या मुलांना आधी नियम शिकवतात, मग चाकू बाळगण्याचं कार्ड देतात, आणि नियम मोडला तर त्या कार्डाचे कोपरे कापतात. चारही कोपरे गेले की कार्ड रद्द. तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांची मुलं हे कार्ड मोठ्या ऐटीत दाखवतात.

वयापेक्षा मी दोन गोष्टी बघते. एक, "थांब" म्हटल्यावर मूल त्या क्षणी थांबतं का? दुसरं वाक्य बोलावं लागत असेल तर अजून वेळ आहे. दोन, चिडल्यावर ते काय करतं? हातातली वस्तू फेकणाऱ्या मुलाला आणखी वर्षभर बटाट्याचं सोलाणंच पुरे. गणितात किती मार्क मिळतात याचा इथे काही संबंध नाही. अभ्यासात ढ म्हणून बदनाम झालेली मुलं या कामात भलतीच सावध निघालेली मी पाहिली आहेत.

घडीचा घ्यावा की म्यानातला सरळ पात्याचा?

या प्रश्नाला जरा वेळ देऊ, कारण बहुतेकांची निवड इथेच चुकते.

घडीचे चाकू ढोबळमानानं दोन तऱ्हांचे. पहिल्यात पातं फक्त मुठीच्या पाठीतल्या स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं. लाल मुठीचे छोटे स्विस चाकू बहुतेक असेच. कापताना जोर धारेवर पडतो, त्यामुळे पातं आणखी उघडायच्या दिशेला ढकललं जातं आणि सगळं सुरळीत चालतं. पण मुलानं टोक खुपसून भोक पाडायचा प्रयत्न केला, किंवा पात्याच्या पाठीनं काही ठोकलं, की जोर उलटा पडतो. मग पातं मिटतं आणि मधे बोटं असतात. घडीच्या चाकूनं होणाऱ्या जखमांपैकी मी पाहिलेल्या बहुतेक अशाच झालेल्या. म्हणून या चाकूचा पहिला नियम : टोकानं खुपसायचं नाही, पाठीनं ठोकायचं नाही.

दुसऱ्या तऱ्हेत पातं उघडल्यावर अडकतं. ते अडकवायचेही दोन प्रकार. ओपिनेल या फ्रेंच चाकूत मुठीच्या तोंडाशी पत्र्याचं एक कडं असतं. पातं उघडून कडं फिरवलं की पातं मिटत नाही. ही युक्ती कंपनीनं 1955 मध्ये आणली. कडं फिरवलंय की नाही ते लांबूनही दिसतं, त्यामुळे मोठ्या माणसाला नजर टाकून कळतं. दुसऱ्या प्रकारात मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी बाजूला सरकून पात्याला टेकण देते. मोठ्यांना हे चाकू सोयीचे वाटतात, पण ते मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेतच ठेवून पट्टी दाबावी लागते. लहान मुलाला मी हा प्रकार देणार नाही.

राहिला सरळ पात्याचा. त्यात सांधाच नाही, म्हणजे मिटण्याची भीती नाही. स्वीडनमधल्या मोरा गावचे चाकू यासाठी प्रसिद्ध आहेत. मुलांसाठीच्या त्यांच्या चाकूंत मूठ आणि पातं यांच्यामध्ये बोट अडवणारा उंचवटा असतो. नुसतं तासकाम शिकवायचं असेल तर खरं सांगायचं तर हाच सगळ्यात सोपा. पण तो खिशात राहत नाही, कमरेला लावून चार माणसांत फिरलं तर बघणाऱ्याला खटकतो, आणि आजीच्या मते तो "सुरा" असतो. म्हणून आपल्याकडे लोक घडीच्या चाकूकडे वळतात, त्यात चूक काही नाही.

मग नेमका कुठला घेऊ?

माझी पसंती दोनांत आहे.

पहिला व्हिक्टोरिनॉक्सचा मुलांसाठीचा चाकू. कार्ल एल्सनर यांनी 1884 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कारखाना सुरू केला, 1891 पासून तो स्विस सैन्याला चाकू पुरवू लागला. मुलांचा चाकू घडी घातल्यावर 84 मिलिमीटर, पात्याचं टोक गोल. त्यातल्या एका प्रकारात लाकडाची छोटी करवत असते, मिळाला तर तोच घ्या. मुलांचं मन पात्यापेक्षा करवतीत जास्त रमतं आणि करवतीनं होणारी इजा सहसा खरचटण्यावर भागते. याचं पातं अडकत नाही, म्हणजे वरचा नियम इथे लागू.

दुसरा ओपिनेलचा गोल टोकाचा 7 नंबर. लाकडी मूठ, कड्याचं कुलूप, पातं 8 सेंटिमीटर. जोसेफ ओपिनेल यांनी फ्रान्सच्या साव्वा भागात 1890 मध्ये हा चाकू घडवला आणि पुढे 1897 मध्ये 1 ते 12 असे आकाराचे नंबर पाडले. मुलांचा चाकू त्याच मालिकेतला, फक्त टोक गोल केलेला. कामाला हा स्विस चाकूपेक्षा सरस, कारण मूठ गोल आणि हाताला भरीव आहे. सपाट, पातळ मूठ जोर लावताना तळहातात रुतते.

सात-आठ वर्षांच्या मुलाला पहिला, दहाच्या पुढच्याला दुसरा, असं मी सांगते. मूल दोन्ही दुकानात हातात घेऊन बघू शकत असेल तर माझं ऐकू नका, त्याच्या हाताचं ऐका.

गोल टोक म्हणजे खेळण्यातला चाकू झाला, नाही का?

मुलं हेच म्हणतात, मोठी भावंडं तर हमखास. पण पहिल्या वर्षभरात टोक लागतं कशाला? फळ चिरायला, काठी तासायला, दोरी कापायला धार लागते, टोक नव्हे. टोकाचं काम म्हणजे खुपसणं, आणि तेच तर नको आहे. ओपिनेलचं गोल टोकाचं पातं धारेला कुठेही कमी नाही. ते "लहान मुलांचं" म्हणून बेफिकीर राहाल तर फसाल.

वीस अवजारांचा मोठा चाकू घेतला तर एकदाच खर्च होईल ना?

खर्च एकदाच होईल, पण वापर होणार नाही. तो जाड चाकू मुलाच्या मुठीत मावत नाही आणि हवं ते पातं उघडताना नको ते दोन उघडतात. पातं, करवत, डबा-बाटली उघडायचं हत्यार एवढं पुष्कळ झालं. कात्री असली तर मुलं खूश होतात, नसली तरी अडत नाही.

जत्रेत, स्टेशनबाहेर किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळतो तो चालेल?

नाही. या एका ठिकाणी मी हट्टी आहे. त्यांचं पोलाद मऊ, धार दोन काड्यांत जाते आणि सांधा सैल. बोथट आणि डुगडुगणारा चाकू मुलाला जोर लावायला शिकवतो, आणि जोर लावलेला हात सटकला की जिथे जातो तिथे जातो. बटण दाबलं की पातं बाहेर उडतं तो चाकू किंवा रामपुरी तर घरात आणूच नका. ती मारामारीची हत्यारं, त्यांनी काठी नीट तासलीही जात नाही.

दुकानात चाकू हातात घ्या. पातं उघडून आडवं हलवून बघा, टकटक व्हायला नको. मिटल्यावर पातं मुठीच्या फटीत मधोमध बसलं पाहिजे, एका बाजूला घासता कामा नये. मग मुलाला उघडायला सांगा. पात्यावर नख घालायला खाच असते, पण शाळेत दर सोमवारी नखं तपासतात, त्यामुळे मुलांची नखं मुळाशी कापलेली. कडक स्प्रिंगचा चाकू त्यांना उघडतच नाही, मग ती दातांनी ओढतात. हे मी पाहिलंय! दुकानात उघडला नाही तर घेऊ नका.

स्विस चाकूंच्या हुबेहूब नकलाही बाजारात आहेत. पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव ठसठशीत उठवलेलं आहे का ते बघा.

पोलाद कुठलं घ्यावं, कार्बन की स्टेनलेस?

स्टेनलेस. कार्बन पोलादाला धार लवकर लागते हे खरं, पण कैरी किंवा लिंबू कापलं की ते काळं पडतं आणि कोकणातल्या पावसाळ्यात आठवड्यात गंजतं. चाकू रोज पुसून तेलाचं बोट फिरवेल असं मूल मला अजून भेटलेलं नाही. ओपिनेल दोन्हीत मिळतो, घेताना विचारून घ्या.

लाकडी मुठीबद्दल एक सांगून ठेवते. जून-जुलैत लाकूड फुगतं आणि पातं फटीत घट्ट बसतं, नखानं निघतच नाही. अशा वेळी पक्कड लावू नका. कडं मोकळं आहे ना ते बघा, चाकू मिटलेला ठेवूनच मुठीचं मागचं टोक लाकडी ओट्यावर किंवा दगडावर हलकेच ठोका, पातं थोडं वर येतं, मग चिमटीत धरून उघडा. साव्वामधले लोक हेच करतात. हे काम मात्र मोठ्यांनी करायचं.

नव्या चाकूची धार थोडी मारून द्यावी का, सुरक्षित म्हणून?

उलट होईल. धारदार चाकू कमी जोर लावूनही कापतो आणि जिथे ठेवला तिथेच राहतो. बोथट चाकू लाकडावरून घसरतो. धार गेली की सपाट दगडावर पाणी घालून, पातं थोडं तिरकं धरून सावकाश लावा, मुलालाही शेजारी बसवा. सायकलवरच्या चाकावर धार लावून देणारे कात्रीला उत्तम, पण छोट्या पातळ पात्याला कोरडं चाक लागलं की ते तापतं, निळसर पडतं आणि तिथलं पोलाद मऊ होतं.

पहिल्या दिवशी काय करायला द्यावं?

अंघोळीचा साबण. हसू नका. साबण मऊ असतो, सगळ्या बाजूंनी सारखा कापला जातो, रेषे नसतात, आणि अर्ध्या तासात मासा किंवा होडी तयार होते. पाठोपाठ गाजर, मग ओली काठी. सुकलेलं सागवान किंवा बाभूळ देऊ नका, मोठ्यांनाही दमवतं. पांगारा मिळाला तर सोनं. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि फळं पूर्वापार याच मऊ लाकडाची होत. काटेसावरही चालते. शहरात छाटणी केलेल्या झाडांच्या अंगठ्याएवढ्या जाड ओल्या फांद्या फुटपाथवर पडलेल्या असतात, त्या पुरतात. पहिलं काम : फांदीची साल काढून टोक निमुळतं करणं. ते जमलं की विटी. विटीला दोन्ही टोकं सारखी लागतात, नाहीतर उडत नाही, त्यामुळे चूक कुठे झाली ते मुलाला खेळतानाच समजतं.

बांबू सगळ्यात शेवटी. कामट्या काढायचं काम कोयत्यानं मोठ्यांनी करावं. मुलानं फक्त त्यांच्या कडा खरवडून मऊ करायच्या. बांबूची उभी चीर चाकूला फसवते, पातं एकदम सुटतं, आणि चाकूपेक्षा बांबूचं कुसळच बोटात जास्त वेळा जातं.

बसायचं कसं, धरायचं कसं?

चालताना चाकू मिटलेला. वापरायचा तर बसूनच. हात लांब करून भोवती फिरवला तर कुणाला लागत नाही इतकी जागा हवी. कुणी त्या जागेत आलं की पातं मिटायचं, मग बोलायचं.

बसल्यावर कोपरं गुडघ्यांवर टेकवून हात गुडघ्यांच्या पुढे न्यायचे. मांडीवर काठी ठेवून तासायची नाही. मांडीच्या आतल्या बाजूनं मोठी रक्तवाहिनी जाते, तिथली जखम बोटाच्या जखमेसारखी नसते. हे मी मुलांना स्पष्ट सांगते, त्यांना कारण कळलं की ती पाळतात. पातं नेहमी अंगापासून लांब जाणारं, काठी धरलेला हात पात्याच्या मागे. मोठा तुकडा एकदम उडवायचा नाही, पातळ सालपटं काढायची. कागदासारखी गुंडाळत जाणारी सालपटं पडू लागली की हात बसला समजा.

मिटताना मूठ एका हाताच्या बोटांच्या टोकांवर धरायची, फटीवर एकही बोट येऊ द्यायचं नाही, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं पात्याची पाठ दाबायची. दुसऱ्याला द्यायचा तर मिटून. म्यानातला असेल तर मूठ त्याच्याकडे करून, आणि त्यानं "घेतला" म्हटल्याशिवाय सोडायचा नाही.

कापलं तर?

कधीतरी कापणारच, बहुतेक वेळा डाव्या हाताची तर्जनी. वाहत्या पाण्याखाली धरा, स्वच्छ कपड्यानं घट्ट दाबा आणि दहा मिनिटं घड्याळ लावून दाबूनच ठेवा. दर मिनिटाला उघडून बघायचा मोह टाळा, त्यानं रक्त पुन्हा सुरू होतं. हळद, कॉफी, टूथपेस्ट काही भरू नका, डॉक्टरांना नंतर तेच काढत बसावं लागतं. दहा मिनिटांनी रक्त थांबलं नाही, जखमेच्या कडा उघड्या राहिल्या, बोट वाकत नाही किंवा टोक बधिर वाटतंय, तर थेट दवाखाना.

धनुर्वाताची लस झाली आहे का ते आधीच बघून ठेवा. सरकारी वेळापत्रकात पाच-सहा वर्षांना बूस्टर, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी असते. दहाव्या वर्षाची पुष्कळांची राहून गेलेली असते.

पहिल्या कापण्यानंतर चाकू काढून घेऊ नका. पट्टी बांधा आणि कुठे चुकलं ते त्यालाच सांगायला लावा.

कायद्याचं काय? मुलाच्या खिशात चाकू सापडला तर?

केंद्राच्या शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूंचा शस्त्रांच्या यादीत समावेश आहे, घरकाम-शेतीची अवजारं सोडून. आपला चाकू त्याच्या आसपासही जात नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सणावाराला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात. "शस्त्रे, सोटे, भाले, सुरे, काठ्या" अशी पेपरातली यादी तुम्ही वाचली असेल. त्या काळात सार्वजनिक ठिकाणी चाकू खिशात नको.

माझा नियम याहून सोपा आहे. चाकू शाळेत, क्लासला, बागेत, मॉलमध्ये, मेट्रोत जात नाही. कंपासपेटीत तर अजिबात नाही. मित्रांना दाखवायला नेलेल्या छोट्या चाकूवरून मुख्याध्यापकांपर्यंत प्रकरण गेलेलं मला माहीत आहे. ट्रेकला जाताना तो मोठ्यांच्या सॅकमध्ये, बंद कप्प्यात. विमानात हातातल्या बॅगेत ठेवलात तर सुरक्षा तपासणीत जाईल, सामानात टाका.

परदेशातल्या भाच्या-पुतण्यांना पाठवणार असाल तर तिथले नियम बघा. इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालच्यांना 3 इंचांपर्यंतच्या पात्याचा घडीचा चाकू सोडून इतर चाकू विकत नाहीत, आणि सबळ कारणाशिवाय जवळ बाळगता येतो तो 3 इंचांपर्यंतच्या पात्याचा, न अडकणारा घडीचा चाकू. म्हणजे कडं असलेला ओपिनेल तिथे कारण असल्याशिवाय घराबाहेर न्यायचा नाही.

मुलीसाठी वेगळा काही असतो का?

नाही. गुलाबी मुठीचा मिळतो, तिला आवडत असेल तर घ्या. मुलाला आवडला तरी घ्या.

मूल डावखुरं आहे.

सरळ पात्याच्या चाकूला डावं-उजवं नसतं, ओपिनेलचं कडंही दोन्ही हातांनी फिरतं. स्विस चाकूत नखाची खाच उजव्या हाताच्या सोयीच्या बाजूला असते, सवयीनं जमतं. शिकवताना मात्र समोरासमोर बसा, आरशात बघितल्यासारखं त्याला नक्कल करता येते.

दुसऱ्याच्या मुलाला वाढदिवसाला द्यावा का?

आई-वडिलांना आधी विचारल्याशिवाय नको. आणि आजी-आजोबांनाही, कारण कात्री वाजवली तरी घरात भांडणं होतात असं मानणारी घरं अजून आहेत. युरोपात यावर तोडगा आहे : चाकू घेणाऱ्यानं देणाऱ्याला एक नाणं द्यायचं, म्हणजे तो भेट न राहता विकत घेतलेला होतो. मी मुलांकडून एक रुपया घेते. मुलांना ही गंमत फार आवडते, आणि आज्यांचंही समाधान होतं.

चाकू कुणाकडे राहणार?

मुलाचा, पण तुमच्या कपाटात. त्यानं मागायचा, काम झाल्यावर पुसून परत द्यायचा. वर्षभर हे बिनबोभाट चाललं तर त्याच्या खणात ठेवू द्या. घरात धाकटं भावंड असेल तर वर्षभरानंतरही कपाटातच.

हरवला तर?

हरवतो. किल्ल्यावर जेवायला बसलेल्या जागी, गवतात, बहुतेक वेळा तिथेच. म्हणून हिरव्या, तपकिरी किंवा लष्करी रंगाची मूठ घेऊ नका, लाल किंवा पिवळी घ्या. मुठीला कडी असेल तर वीतभर केशरी दोरी बांधा. आणि उठण्याआधी ज्याचा चाकू त्यानं तो हातात धरून दाखवायचा, मगच सॅक उचलायची.